बंदूक आपली, गज दुसऱ्याचा

आषाढ-श्रावणात आमच्या घरी सकाळी पेज आणि संध्याकाळीही पेज. सकाळच्या पेजेत शितं दिसत, संध्याकाळच्या पेजेत ती शोधावी लागत. बाबा सुतार. कोकणात घराची कामं निघतात ती दिवाळीनंतर, त्यामुळे पावसाळाभर त्यांचा रंधा खुंटीला टांगलेला असायचा. आई कुळथाची पिठी इतकी पातळ करायची की माझा भाऊ ताटलीत तोंड बघून भांग पाडायचा. त्यावर आम्ही हसायचो. आई हसायची नाही.

त्या दिवसांत घराला हात देत त्या बंदुका. ऐकून माणसं दचकतात, म्हणून नीट सांगते. आमच्याकडे शेतीच्या राखणीसाठी लायसन्सच्या ठासणीच्या बंदुका असतात. रानडुक्कर, वांदर यांना पळवायला. नळीत वरून दारू आणि छर्रे घालायचे आणि लोखंडी गजाने ठासायचे. बंदुकीचा खांद्याला टेकवायचा लाकडी भाग म्हणजे दस्ता. तो पावसाने फुगतो, तडकतो, कधी नुसता आपटून मोडतो. आजूबाजूच्या गावांतले दस्ते दुरुस्तीला बाबांकडे येत आणि बदल्यात पायलीभर भात घरात येई.

बाबांना लिहिता येत नव्हतं. आपण केलेला दस्ता ओळखू यावा म्हणून ते त्याच्या मागच्या टोकाची लोखंडी पट्टी काढून आतल्या लाकडावर पटाशीने तीन काप देत आणि पट्टी परत बसवत. वरून कुणाला काही दिसायचं नाही.

निवडणूक आली की सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत. निकालानंतर परत मिळत, तेव्हा दर वेळी एकच गोंधळ. ठाण्यात बंदुका एका कोपऱ्यात आणि गज दुसऱ्या कोपऱ्यात. देताना हवालदार हाताला लागेल तो गज नळीखाली सरकवून मोकळा. घरी येऊन बघावं तर गज वीतभर लांब, नाहीतर नळीत जातच नाही. मग आरडाओरडा, "माझी बंदूक बदलली!" बाबा बंदूक हातात घेऊन म्हणायचे, "बंदूक तुजीच रे. गज दुसऱ्याचो."

मी आठवीत असताना वाडीतला एक शेतकरी ऐकेना. ही माझी नव्हेच म्हणत त्याने बंदूक ठाण्यात परत टाकली आणि बाबांना म्हणाला, साहेबांसमोर चल. बाबा गेले, मी मागोमाग. बाबांनी साहेबांसमोर पट्टी काढून तीन काप दाखवले. साहेबांनी ते पाहिलेसुद्धा. मग म्हणाले, "बरं, तसं लिहून दे आणि सही कर."

"साहेब, सही येत नाय. आंगठो देतंय."

"अंगठ्यावर बंदूक देऊ? जा बाबा, काम करू दे."

बंदूक ठाण्यातच राहिली. त्या साली त्या शेतकऱ्याचं अर्धं भात डुकरांनी खाल्लं. बाबा खरं बोलले होते आणि काही उपयोग झाला नव्हता. परत येताना ओढ्याच्या साकवावर थांबून ते मला म्हणाले, "चेडवा, तू कागदार बोलूक शिक."

मी शिकले. भावाने शाळा सोडून बाबांबरोबर रंधा धरला, तेव्हा मी कोल्हापूरला वसतिगृहात राहून धातुशास्त्रातली इंजिनिअर झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी कुठेही सांगते. लाजत नाही.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ बहरीनला आले आणि मीना सलमान भागातल्या एका तपासणी लॅबमध्ये लागले. बंदराजवळची लॅब, त्यामुळे आमच्याकडे जहाजांचे शाफ्ट, क्रेनचे हूक, वेल्डिंगचे जोड येतात. कुठे तडा आहे, कुठला धातू खरा, कुठला नावापुरता, हे आम्ही सांगतो. तपासायची मी, लिहायची मी आणि खाली सही आमच्या सीनियर साहेबांची. साहेब पुण्याचे. हुशार माणूस, शब्द मोजून वापरणारा. सहीच्या अधिकाराबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर, "बघू ना मॅडम, पुढच्या अप्रेझलला." अशी सहा अप्रेझल झाली. अहवालात माझं नाव कुठेच नसायचं.

गेल्या हिवाळ्यात आमचे एक जुने बहरीनी ग्राहक लॅबमध्ये आले. जहाजदुरुस्तीचा धंदा, वय सत्तरीच्या पुढे, सगळे त्यांना हाजी म्हणतात. मुंबईशी जुना संबंध असल्याने हिंदी बोलतात, आपल्या पद्धतीची. त्या दिवशी शाफ्टऐवजी त्यांच्या माणसाने लांबलचक लाकडी पेटी आणली. सोबत सरकारी परवाना आणि बंदूक निकामी केल्याचा दाखला.

पेटीत रायफल होती. दुसऱ्या महायुद्धातली थ्री नॉट थ्री, पण साधी नव्हे. डाव्या बाजूला दुर्बीण बसवलेली आणि दस्त्यावर गाल टेकवायला लाकडाची उंच फळी. लांबून नेम धरणाऱ्या शिपायाची, म्हणजे स्नायपरची रायफल.

"मेरा भाई का है," हाजी म्हणाले. "बड़ा भाई. अल्ला के पास गया. पूरा ज़िंदगी बोला, ये असली है. अभी इन्शुरन्सवाला रिपोर्ट माँगता. बाहर का एक डीलर को फोटो भेजा, वो बोलता नकली. साधा बंदूक पे दुर्बीण चिपकाया." मग माझ्याकडे वळून, "बेटी, तुम मेरा शाफ्ट का क्रॅक पकड़ा था, जब सब बोला मफी क्रॅक, क्रॅक नहीं है. तुम देखो. मेरा भाई झूठा आदमी नहीं था."

ते गेल्यावर साहेब हसले. "मॅडम, आपण काय बंदुका तपासतो का? उद्या कुणी तलवार आणेल. मी यावर सही करणार नाही."

"मग मी करते," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

साहेबांनी चष्मा काढला. "करा. खरंच करा. पण चुकलात ना, तर पुन्हा सहीचा विषय माझ्यापुढे काढायचा नाही. आहे कबूल?"

"आहे."

बोलून बसले होते. काम सुरू केलं.

अशा रायफलीबद्दल जे जे वाचायला मिळालं ते वाचलं. कारखान्यात नेमाला उत्तम निघालेली साधी रायफल निवडून तिची स्नायपर करत. दुर्बिणीचा कंस, म्हणजे ब्रॅकेट, तिच्या अंगावर बसवत आणि रायफलीचा नंबर कंसावर ठोकत. दुर्बिणीचा नंबर वेगळा. तो दस्त्याच्या मानेवर, म्हणजे मुठीत धरतो त्या बारीक भागावर, लाकडात ठोकत. म्हणजे रायफल, कंस, दुर्बीण, लाकूड यांची नंबरांनी गाठ बांधलेली. बनावट करणारे साधी रायफल घेऊन तिला कंस, दुर्बीण आणि गालाची फळी लावतात.

कंसावरचा नंबर रायफलीशी जुळत होता. भिंगाखाली पाहिलं. अंकांच्या तळापर्यंत जुनी काळी झिलई उतरलेली, म्हणजे नंबर आधी ठोकला आणि झिलई नंतर चढली. कंस ज्या दोन स्क्रूंनी धरला होता त्यांच्या डोक्यांवर सैल होऊ नयेत म्हणून मारलेले ठोसे तसेच्या तसे होते. धातू खरं बोलत होता. मी खूश.

दस्त्याच्या मानेवर मात्र नंबर दिसेना. डीलरने हेच लिहिलं होतं, नंबर नाही म्हणजे लाकूड साधं. आणि मग मी ती चूक केली जी फक्त आमच्या धंद्यातला माणूस करील. आमच्याकडे काहीही आलं की तपासणीआधी सफाई. हाताला इतकी सवय, की कापसाच्या बोळ्यावर क्लीनर घेतला आणि दस्त्याची मान पुसायला लागले.

"अहो, काय करताय!" साहेब ओरडले. "अँटिक आहे ते! क्रेनचा हूक नाही!"

बोळा तपकिरी झाला होता. ऐंशी वर्षांचं पॉलिश मी पुसून काढलं होतं, तेही टिकलीएवढं नव्हे, चांगलं दोन बोटं. मी बोळा मुठीत लपवला, लहान मुलीसारखा. साहेब म्हणाले, "खलास. आता हाजींना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

मान खाली घालून त्या जागेकडे पाहत राहिले, तेव्हा दिसलं. पॉलिशच्या थरांखाली लाकडात अंक होते. भिंग लावून एकेक अंक उतरवून घेतला. पाच अंक. मग दुर्बिणीवरचा नंबर वाचला.

जुळत नव्हता. एकही अंक नाही.

साहेबांनी दोन्ही नंबर पाहिले. या वेळी हसले नाहीत, तेच जास्त लागलं. "नंबर नव्हता तोवर निदान शंका होती, मॅडम. आता पुरावा मिळाला. दुर्बीण दुसरी. द्या लिहून, नकली."

शुक्रवारी सुट्टी. सकाळी गावी व्हिडिओ कॉल लावला. बाबा पडवीत बसले होते, मागे भाऊ फळी रंधत होता. माझा चेहरा बघून बाबा म्हणाले, "काय गो, आंबट खाल्लंस काय?"

मी सगळं सांगितलं. फोनवर फोटो दाखवले. बाबांनी फोन नाकाला लावून बघितले.

"दस्तो अक्रोडाचो दिसता. बरो आसा. काम जेणी केल्यान तो माणूस शाणो."

"ता सोडा ओ बाबा. दुर्बिणीचो नंबर येक, दस्त्यावरचो नंबर दुसरो. सगळे म्हणतत बंदूक खोटी."

बाबा असे हसले की भावाने रंधा थांबवला. "गो, इतकी शिकलंस नि विसारलंस? ठाण्यातसून बंदूक परत येय तेव्हा गज कोणाचो आसायचो?"

"दुसऱ्याचो," मी म्हटलं.

"दुर्बीण म्हंजे गजच मां तो! निघता, परत बसता. लढाईतसून जमा केल्यानी आसतले शेकड्यांनी, नि देताना हाताक लागात ती लावल्यानी आसतली. सगळीकडचो हवालदार सारखोच. गज बदललो म्हणान बंदूक बदलता काय? आणि खोटा करणाऱ्यान नंबर जुळवल्यान नसतो?"

खोटं करणारा नंबर जुळवतोच. तेवढ्यासाठी तर तो खोटं करतो. इतकं साधं, आणि आठवडाभर माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"पण बाबा, लाकूडच दुसऱ्या बंदुकीचा आणून लावला आसात तर?"

"वरसून काय बघतंस? गालाची फळी काढ नि खालचा लाकूड बघ. मगे दस्तो काढ नि तेचा तोंड बघ. जा लोखंडात आसता ता लाकडात उमटता. बार सोसून सोसून लाकूड लोखंडाचीच नक्कल करता."

माझी मुलगी शेजारी बसून ऐकत होती. तिला मालवणी कळते, पण बोलते इंग्रजीत. "मम्मा, इज आजोबा अ गन डॉक्टर?" बाबांना विचारलं, कळलं का? म्हणाले, "डॉक्टर कळला. तेका सांग, फी नारळ."

दस्ता काढायचा तर मागच्या टोकातून हातभर लांब, बारीक पेचकस आत घालून मुख्य बोल्ट सोडवावा लागतो. लॅबमध्ये तसा नव्हता. त्याच दिवशी बाब अल बहरीनच्या मागच्या गल्ल्यांत हार्डवेअरची दुकानं पालथी घातली. चौथ्या दुकानदाराने माळ्यावरून धुळीने भरलेला एक काढला. म्हणाला, "मॅडम, ये कोई लेके नहीं जाता. क्या खोलना है?" मी म्हटलं, "मुँह खोलना है." त्या बिचाऱ्याने घाईघाईने पेचकस कागदात गुंडाळून दिला.

रविवारी मी हाजींना बोलावून घेतलं. आधी माझी चूक सांगितली. पुसलेली जागा दाखवली. त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि हात हलवला. "मालेश, जाने दो. यल्ला, आगे बोलो."

साहेब हाताची घडी घालून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे. मी गालाच्या फळीचे दोन स्क्रू सोडवले. फळी जरा चिकटून बसली होती. खालून लाकडी पट्टीने हलकं उचललं, तशी ती सुटली.

बाकीचा दस्ता चहाच्या गाळासारखा काळपट. फळीखालचं लाकूड मात्र फिकट, मधाच्या रंगाचं, आणि त्याची कड फळीच्या आकाराची, रेघ मारल्यासारखी. तिथे ऊन, घाम, तेल काही पोचलं नव्हतं. स्क्रूच्या दोन्ही भोकांभोवती काळी कडी धरलेली. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन ओलीत एकत्र आले की असा डाग पडतो, हे मी कॉलेजात शिकले. बाबा त्याला लोखंड रडलं म्हणतात. काही म्हणा, तो डाग एवढा खोल जायला वर्षं लागतात. जादा भोकं कुठेही नव्हती.

"ही फळी अलीकडे लावली असती," मी हिंदीत म्हटलं, "तर खालचं लाकूडही बाकीच्यासारखंच काळं असतं. ही लाकूड नवं होतं तेव्हापासून इथे आहे."

साहेब बोलले, आणि मुद्द्याचं बोलले. "मान्य. दस्ता स्नायपरचा आहे. पण तो याच रायफलीचा कशावरून? स्नायपरचा दस्ता साध्या रायफलीला लावला असेल."

"म्हणूनच तोंड बघायचं आहे, सर."

"कुणाचं?"

मी पेचकस मागून आत सरकवला. बोल्ट हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा टकदिशी आवाज आला आणि सुटला. दस्ता ओढून काढला. रायफलीला मागे लोखंडी खोबण असते, दस्त्याचं पुढचं टोक तिच्यात घट्ट बसतं. खोबणीच्या तळाला कारखान्यात कुणीतरी कानस ओढलेली, त्याच्या तिरप्या रेघा आणि डाव्या कोपऱ्यात लोखंडाचा छोटा टवका उडालेला. दस्त्याचं तोंड मी दिव्याखाली धरलं. त्या रेघा लाकडात उलट्या उमटल्या होत्या, आरशात दिसाव्या तशा. आणि जिथे लोखंडात खड्डा, बरोबर तिथे लाकडात तांदळाएवढा उंचवटा.

मी दोन्ही तुकडे साहेबांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा काढला, घातला, भिंग मागितलं. बराच वेळ बघत होते.

"आयला," ते म्हणाले. सहा वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "हे कुठल्या स्टँडर्डमध्ये आहे?"

"आमच्या बाबांच्या."

हाजींनी मला हिंदीत परत सगळं सांगायला लावलं. मी सांगितलं, रायफल खरी, कंस खरा, लाकूड खरं आणि तिचंच. दुर्बीणही त्याच काळातली, पण दुसऱ्या रायफलीची. कधीतरी बदलली गेली. अहवालात हे सगळं तसंच लिहीन, दुर्बिणीचंसुद्धा.

"दुर्बीण का मत लिखो ना," त्यांचा माणूस मागून म्हणाला.

हाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पेटीच्या मागे गेला. "सब लिखो. मेरा भाई बोला था बंदूक असली. दुर्बीण का वो कुछ नहीं बोला था." आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. मग रुमाल खिशात कोंबून म्हणाले, "यल्ला, गहवा कहाँ है, कॉफी? इतना बड़ा ऑफिस, एक गहवा नहीं?"

अहवाल नऊ पानांचा झाला. फोटो, नंबर, फळीखालचं लाकूड, तोंडाचा ठसा, आणि मी पॉलिश पुसलं तेही. शेवटच्या पानावर साहेबांनी स्वतः टाईप करून घेतलं, तपासणी व सही, आणि खाली माझं नाव. पेन पुढे केलं. "करा मॅडम. कबूल केलं होतं."

डीलरकडे तो अहवाल गेला. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. आपण फक्त फोटो पाहिले होते, अहवाल योग्य आहे, आपलं मत मागे घेतो. इन्शुरन्सवाल्यांनी एकही शंका न काढता तो स्वीकारला. झल्लाक गावातल्या हाजींच्या घरी ती रायफल आता दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे. आम्हाला सहकुटुंब जेवायला बोलावलं तेव्हा पाहिली. शेजारी अहवालाचं शेवटचं पान फ्रेम करून लावलंय. माझ्या मुलीने ते मोठ्याने वाचलं, नावासकट.

गणपतीला गावी गेले तेव्हा त्या पानाची प्रत बाबांना दिली. त्यांनी ती उजेडात धरली, सहीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हेच्यात माजा काय?"

"सगळा तुमचाच, बाबा. सही फक्त माझी."

त्यांनी कागद घडी न घालता पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला, घराच्या उताऱ्यावर.

अहवाल गेला त्या महिन्यापासूनच मला लॅबमध्ये सहीचा अधिकार मिळाला. आज मीना सलमानमधून जाणाऱ्या आमच्या अहवालांवर खाली माझी सही असते आणि ती चालते.